सडा ते वाडी: वाचनालयाचं बिनतारी जाळं, दोन पावसाळ्यांचा हिशेब

कातळकडा | ३ जून, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपासून गावात एक काम चाललंय. त्यातलं काय जमलं, काय फसलं ते इथे मांडते, कारण आता तिसरा पावसाळा तोंडावर आहे आणि जाणकारांचे डोळे त्यावरून फिरायला हवे आहेत.

गाव सिंधुदुर्गात. मी वाचनालयाचं काम बघते. वाचनालय दरीतल्या वाडीत आहे आणि फायबर आली ती हमरस्त्यावरच्या हायस्कूलपर्यंत. तिथून वाडीपर्यंत केबल आणायची तर मध्ये दोन ओढे, कितीतरी जणांच्या कलमबागा, आणि खांबावरून नेली तर दर पावसात कुठेतरी फांदी पडणार. पण हायस्कूलच्या गच्चीवरून सड्यावरची, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावरची, नळपाणी योजनेची टाकी दिसते, सरळ ७ किलोमीटर. टाकीवरून वाचनालयाचं छप्पर दिसतं, ९०० मीटर. ग्रामसभेत ठराव झाला, टाकीवर पोल उभारायची परवानगी मिळाली आणि कामाला लागलो.

पहिला प्रश्न सगळे विचारतात तो परवान्याचा. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झमधला मोठा भाग ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने घराबाहेरच्या वापरासाठीही खुला झाला. आम्ही ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झमध्ये आहोत. तिथे अँटेनासकट एकूण प्रक्षेपण ४ वॅटपर्यंत चालतं, म्हणजे ३६ डीबीएम (डीबीएम हे रेडिओची शक्ती मोजायचं माप). आमची डिश २३ डीबीआयची, म्हणजे शक्ती एका दिशेला एकवटून तेवढी भर घालणारी, म्हणून रेडिओची स्वतःची शक्ती १३ डीबीएमवर आणून ठेवली. १३ डीबीएम म्हणजे फक्त २० मिलिवॅट. आमच्यातल्या एकाला वाटायचं की शक्ती वाढवली की लिंक सुधारेल. त्याला कागदावर गणित मांडून दाखवलं: ७ किलोमीटरला ५.८ गिगाहर्ट्झवर मोकळ्या हवेतली घट साधारण १२४.६ डीबी. ३६ मधून ती वजा करा, पलीकडच्या डिशचे २३ मिळवा, उणे ६५.६ येतात. प्रत्यक्षात उणे ६८ मिळाले. एवढ्यात ऐंशी मेगाबिटच्या आसपास नीट चालतं, आणि हायस्कूलची जोडणीच १०० ची आहे.

अंतराची एक खुबी सांगायलाच हवी. वायफाय मुळात घरातल्या अंतरांसाठी बेतलेलं. समोरच्याने पोच दिली नाही तर ते माहितीचं पाकीट हरवलं असं धरून पुन्हा पाठवतं. ७ किलोमीटर जायला आणि यायला लहरींना सुमारे ४७ मायक्रोसेकंद लागतात, तेवढं थांबायची रेडिओची तयारी नसते. सिग्नल उत्तम, पण वेग रडका, असं दोन दिवस चाललं. आमच्या रेडिओंवर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली आहे, तिच्यात अंतर मीटरमध्ये भरायची जागा आहे. तिथे ७००० घातले आणि त्याच मिनिटाला लिंक सुटसुटीत झाली.

आता चुका. पाहणी आम्ही मार्चमध्ये केली. टाकी स्वच्छ दिसत होती. जून संपताना सिग्नल घसरायला लागला आणि जुलैत रोज दुपारी लिंक पडायची. वाटेत एका मळ्याच्या कडेला ऐनाची झाडं आहेत. मार्चमध्ये ती निष्पर्ण होती, पावसात पानांनी भरली आणि पानं दिवसभर ओली. डोळ्याला रेषा मोकळी दिसली तरी पुरत नाही, रेषेभोवती लांबट भोपळ्यासारखी जागा मोकळी लागते. फ्रेनेलचं क्षेत्र म्हणतात त्याला. ७ किलोमीटरच्या लिंकमध्ये मधोमध त्याची त्रिज्या साडेनऊ मीटर भरते, आणि त्यातली निदान साठ टक्के, म्हणजे पावणेसहा मीटर, मोकळी हवी. आमच्याकडे दोन होती. झाडं तोडायची नाहीत हे आधीच ठरलेलं, म्हणून हायस्कूलकडचा पोल उंच केला.

दुसरी चूक विजेची. सड्यावर वीज नाही, सौर पॅनेल आणि बॅटरी. पहिल्या वर्षी पॅनेल १०० वॅटचं घेतलं, एप्रिलच्या उन्हावर हिशेब करून. आषाढात चौथ्या दिवशी सगळं काळं. मग नीट मांडणी केली: दोन रेडिओ प्रत्येकी ६ वॅट, स्विच ३ वॅट, एकूण १५, म्हणजे दिवसाला ३६० वॅट-तास. अडीच दिवस ऊन नाही असं धरलं तर ९००. १२.८ व्होल्ट १०० अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी १२८० देते, ऐंशी टक्के वापरली तर १०२४. पॅनेलसाठी पावसाळ्यात दिवसाला दोनच तास पुरं ऊन धरलं, वर तीस टक्के घट, त्यावरून ३०० वॅट घेतलं. दुसऱ्या पावसाळ्यात एकदाही बॅटरी संपली नाही.

तिसरी चूक मला सगळ्यात जास्त लागली. रेडिओ अडकला तर स्वतःहून पुन्हा सुरू व्हावा म्हणून पहारेकरी लावला होता: इंटरनेटवरच्या एका पत्त्याला तो दर मिनिटाला हाक मारायचा, उत्तर नाही आलं तर रेडिओ बंद करून चालू. एके दिवशी तालुक्याकडे रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली. इंटरनेट गेलं ते गेलंच, पण आमचे चारही रेडिओ रात्रभर दर पाच मिनिटांनी बंद-चालू होत राहिले. त्यामुळे वाचनालयातल्या लहान संगणकावर किविक्स नावाच्या प्रोग्रॅमने उतरवून ठेवलेला मराठी विकिपीडिया, जो इंटरनेटशिवाय चालावा म्हणूनच ठेवलाय, तोही हायस्कूलच्या मुलांना उघडेना. त्यांची दुसऱ्या दिवशी प्रकल्पवही द्यायची होती. आता प्रत्येक रेडिओ फक्त आपल्या समोरच्या रेडिओला हाक मारतो.

सगळीकडे ओपनडब्ल्यूआरटी आहे. यंत्रं घेण्याआधी त्यांच्या यादीत मॉडेल पाहिलं, आणि मॉडेलच नव्हे तर खोक्यावर छापलेली आवृत्तीही पाहिली, कारण नाव तेच ठेवून आतली चिप बदललेली असते. १६ मेगाबाइट फ्लॅश आणि १२८ मेगाबाइट रॅमच्या खालचं काही घेतलं नाही.

विचारायचं हे: सुरक्षेचं आम्ही फार थोडं केलंय. पासवर्ड मोठे आहेत, एवढंच. आणि गणपतीत चाकरमानी आले की जाळं कोलमडतं, त्यावर काय करावं?

---

पायवाट | ३ जून, रात्री १०.२५

वाचनखूण साठवली. ऐनाच्या झाडाचं वाचून अंगावर काटा आला, आम्हीही मार्चमध्येच पाहणी केलीये. उद्याच पुन्हा जाऊन बघतो कोणकोणती झाडं आहेत.

---

तारतंत्र | ४ जून, सकाळी ७.५०

कातळकडाताई, फार चांगलं काम आणि फार प्रामाणिक लेखन. मी पुण्यात नेटवर्कचंच काम करतो, म्हणून सुरक्षेवर सविस्तर लिहितो.

आधी एक विचारतो. वाचनालयात येणाऱ्या मुलाचा फोन, ग्रंथपालाचा संगणक आणि सड्यावरच्या रेडिओचं सेटिंगचं पान, ही तिन्ही एकाच जाळ्यात आहेत ना? तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटतं. असेल तर पासवर्ड कितीही मोठा असला तरी कुणाच्या फोनमधलं एखादं बिघडलेलं ॲप तुमच्या टाकीपर्यंत पोचू शकतं. पहिलं काम वाटे पाडायचं. एकाच तारेवर आणि एकाच रेडिओवर व्हीलॅन, म्हणजे आभासी वेगवेगळी जाळी, करून तीन वाटे: वाचकांचा, कार्यालयाचा, आणि यंत्रांच्या देखभालीचा. वाचकांच्या वाट्यातून फक्त इंटरनेट आणि किविक्सचा संगणक दिसावा. त्यांचे फोनही एकमेकांना दिसू नयेत, त्यासाठी ॲक्सेस पॉइंटवर, म्हणजे फोनना वायफाय देणाऱ्या यंत्रावर, एक खूण करायची असते. देखभालीचा वाटा वायफायवर प्रसारितच करायचा नाही.

डब्ल्यूपीएस, ते बटण दाबून जोडण्याचं, कायमचं बंद ठेवा. त्याचा पिन आठ आकडी असला तरी यंत्र तो दोन तुकड्यांत तपासतं आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. २०११ मध्ये हे उघड झालं, आणि आजही गावोगावच्या राउटरवर तो चालू दिसतो.

दोन डोंगरांमधल्या लिंकला डब्ल्यूपीए३, म्हणजे वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत, लावा. तिथे दोन्ही टोकं तुमचीच, जुन्या फोनची अडचण नाही. वाचकांसाठी मात्र डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र ठेवावं लागेल, नाहीतर आजोबांचा फोन जोडलाच जाणार नाही. २०१७ च्या ऑक्टोबरात माथी व्हानहूफ यांनी डब्ल्यूपीए२ च्या जोडणीच्या पायरीतच दोष दाखवला होता, क्रॅक नावाने तो गाजला. त्यावर दुरुस्ती निघाली, पण ज्या राउटरना बनवणाऱ्यांनी वाऱ्यावर सोडलं होतं त्यांच्यापर्यंत ती पोचलीच नाही. तुम्ही ओपनडब्ल्यूआरटी घेतलं याचा खरा फायदा इथे आहे. यंत्र जुनं झालं तरी त्याची दुरुस्ती बनवणारी माणसं असतात. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या घातक प्रोग्रॅमने ५४ देशांतली निदान पाच लाख यंत्रं पोखरली होती, त्यात घरातले आणि छोट्या कार्यालयांतले राउटर सर्वात जास्त.

बाहेरून देखभाल करायची असेल तर सेटिंगचं पान इंटरनेटवर उघडं टाकू नका. वायरगार्ड वापरा, म्हणजे इंटरनेटमधून आपल्यापुरता कुलूपबंद बोगदा काढणारा प्रोग्रॅम. मार्च २०२० मध्ये तो लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत गाभ्याचाच भाग झाला. जेसन डोनेनफेल्ड यांनी तो मुद्दाम इतका आटोपशीर लिहिला, सुमारे चार हजार ओळींत, की एका माणसाला बसून सगळा वाचता यावा. तुमच्या जोडणीला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता बहुधा नसेल, कंपनी एकाच पत्त्यामागे शेकडो घरं बसवते. मग बाहेर एखादा स्वस्त भाड्याचा सर्व्हर घ्या, गावातून त्याच्याकडे बोगदा काढा आणि दर २५ सेकंदांनी जिवंत असल्याची खूण पाठवायला सांगा. तुम्ही मुंबईत असलात तरी त्याच बोगद्याने आत जाल.

गणपतीचा प्रश्न वेगाचा कमी आणि रांगेचा जास्त आहे. एकजण व्हिडिओ चढवायला लागला की राउटर त्याची पाकिटं रांगेत साठवत बसतो आणि बाकीच्यांचा साधा संदेशही त्या रांगेमागे अडकतो. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये एसक्यूएम नावाचं पॅकेज आहे, त्यात केक ही पद्धत निवडा. हायस्कूलच्या राउटरवर लावा, आणि वेग जोडणीच्या खऱ्या वेगापेक्षा पाच-दहा टक्के कमी लिहा, म्हणजे रांग कंपनीच्या यंत्रात न लागता तुमच्या हातात राहील. प्रत्येक फोनला समान वाटा मिळेल अशी सोय त्यात आहे.

---

साकव | ४ जून, दुपारी १.१५

मला मूळ खटाटोपच पटत नाही, स्पष्ट लिहितो. एवढे पोल, बॅटऱ्या, ऐनाची पानं. दोन-तीन वर्षांत मोबाईलचे मनोरे दरीत येतील, उपग्रहावरचं इंटरनेट येईल. मग हे सगळं भंगारात. गावातल्या चार पोरांचा वेळ दुसरीकडे लागला असता तर बरं झालं असतं.

---

कातळकडा | ४ जून, रात्री ८.४०

तारतंत्र, मनापासून आभार. हो, सगळं एकाच जाळ्यात आहे. या रविवारी वाटे पाडतो.

साकव, तुमची शंका ग्रामसभेतही निघाली होती. मनोरा येईल तेव्हा आनंदच आहे. पण आमच्या भागात 'दोन वर्षांत येईल' हे मी शाळेत होते तेव्हापासून ऐकते आहे. आणि जी पोरं म्हणता त्यातल्या दोघी आता तालुक्यात फायबर जोडण्याचं काम करतात. केबलच्या टोकाची आरजे-४५ पिन कशी चेपायची हे त्या वाचनालयाच्या पडवीत शिकल्या. उद्या उपग्रह आला तरी तो छपरावरच्या एका खोक्यापर्यंतच येईल. तिथून पुढे चाळीस घरांत नेणारं जाळं हेच असेल, फक्त मागची दोरी बदलेल.

---

वायरमन_आडगाव | ५ जून, सकाळी ६.३०

मी वीज मंडळाच्या कामाचा निवृत्त माणूस, संगणकातलं कमी कळतं. पण ताई, टाकीवर पोल, वर लोखंड, सडा उघडा. अर्थिंगबद्दल एक अक्षर नाही तुमच्या लेखात. म्हणून लिहितो.

सड्यावर जांभा दगड. जांभ्यात अर्थिंग धरत नाही, सुक्या दिवसांत तर अजिबात नाही. नुसता पाइप ठोकून भागणार नाही. जिथे माती खोल सापडेल तिथपर्यंत पट्टी न्या, लांब पडली तरी चालेल, आणि खड्ड्यात बेंटोनाइट, ती ओल धरणारी चिकणमाती, भरा. मीठ-कोळसा भरतात जुने लोक, पण मीठ पावसात वाहून जातं आणि पाइप खातं. पट्टी उतरवताना काटकोनात वळवू नका, वीज काटकोनात वळत नाही, उडी मारते. मोठी गोल वळणं द्या.

दुसरं, पोलचं एक अर्थिंग आणि सौर पेटीचं दुसरं, असं वेगळं ठेवलंय का? तसं असेल तर दोन्ही जाड तारेने एकत्र बांधा. वीज जवळ पडली की दोन अर्थिंगमध्ये हजारो व्होल्टचा फरक उभा राहतो आणि तो तुमच्या त्या निळ्या केबलमधून वाट काढतो. रेडिओ जळतो तो बहुतेक वेळा असाच. थेट वीज कोसळल्याने क्वचित.

---

तारतंत्र | ५ जून, सकाळी ९.०५

वायरमनकाका, दंडवत. हे आम्ही लोक नेहमी विसरतो.

यात एक भर. वाचनालयाकडे छपरावरचा रेडिओ आणि आतला राउटर यांच्यामध्ये तांब्याऐवजी दहा-वीस मीटर फायबर टाका, दोन्ही टोकांना छोटे कन्व्हर्टर. काचेतून वीज येत नाही. रेडिओची वीज वरच वेगळी द्यावी लागेल, पण आतली यंत्रं सुरक्षित राहतील. आणि केबल बाहेरची, आवरण असलेली घ्या. घरातली पांढरी केबल कोकणच्या उन्हात दोन वर्षांत भेगाळते, मग भेगेतून पाणी शिरतं आणि केबलच्या आतून वाहत थेट जोडात जातं. छपरावरून आत घेताना खाली एक लोंबती वळी द्या, पाणी तिथून ठिबकून जाईल.

---

श्प्रे_काठी | ६ जून, पहाटे २.१०

बर्लिनहून लिहितेय. इथे फ्रायफुंक नावाची चळवळ आहे, दोन दशकांहून जुनी. लोक आपल्या खिडकीत राउटर ठेवतात, ते एकमेकांशी जोडले जातात, आणि कुणीही त्यातून मोफत इंटरनेट वापरतं. जर्मनीत पूर्वी तुमच्या वायफायवरून दुसऱ्याने काही बेकायदा उतरवलं तर जबाबदारी तुमच्यावर यायची, म्हणून ही मंडळी सगळी वाहतूक बोगद्यातून दुसरीकडे नेऊन सोडत. २०१७ मध्ये कायदा बदलला.

तुमच्या उपयोगाचं दोन गोष्टींपुरतं सांगते. यांच्याच मंडळींनी बॅटमॅन नावाची जाळीदार जोडणीची पद्धत लिहिली, २०११ मध्ये ती लिनक्सच्या गाभ्यात आली. एखादा राउटर पडला तर वाट आपोआप दुसरीकडून निघते. फार मोह होतो ती सगळीकडे लावायचा. पण एकाच रेडिओवर ऐकायचं आणि त्याच रेडिओवर पुढे सांगायचं तर दर टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. तुमच्या सड्याच्या लिंकला तिची गरज नाही, तिथे दोन स्वतंत्र डिश आहेत तेच उत्तम. वाडीतल्या घराघरांत न्यायचं असेल तेव्हा विचार करा.

दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. फ्रायफुंकच्या बऱ्याच गटांचे राउटर ओपनडब्ल्यूआरटीवर बेतलेलं ग्लूऑन चालवतात आणि रात्री स्वतःहून अद्ययावत होतात. पण नवीन आवृत्तीवर ठरलेल्या संख्येइतक्या लोकांच्या सह्या असल्याशिवाय राउटर ती घेत नाही. एका माणसाचा संगणक फुटला, किंवा एकाच माणसाची बुद्धी फिरली, तरी हजार राउटर हातातून जात नाहीत.

मुक्त आहे म्हणून निर्धास्त राहू नका हेही त्यात आलं. डिसेंबर २०२४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीच्याच, राउटरसाठी आवृत्ती बांधून देणाऱ्या ऑनलाइन सेवेत मोठी भगदाडं सापडली. त्यातलं एक असं की मागणी ओळखण्यासाठीच्या ६४ अक्षरी ठशातली पहिली १२ च अक्षरं ताडून पाहिली जात होती. कळवल्यावर तीन तासांत दुरुस्ती झाली आणि सगळं जाहीरपणे लिहिलं गेलं.

---

पायवाट | ६ जून, सकाळी ११.००

पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईने ग्राममार्ग म्हणून प्रकल्प केला होता, प्रा. अभय करंदीकर यांच्या गटाने. सुरुवातीला खामलोलीच्या परिसरातल्या गावांत दूरचित्रवाणीच्या रिकाम्या पट्ट्यावर, ४७० ते ५९० मेगाहर्ट्झवर, चाचणी केली. ती लहर झाडीतून जाते, ऐनाची पानं तिला फारशी आडवी येत नाहीत. पण तो पट्टा सर्वसामान्यांना खुला नाही, म्हणून पुढे २५ गावांत ५.८ गिगाहर्ट्झवर, तुमच्यासारखंच, केलं. २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत त्याला सव्वा लाख डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं. त्यांच्या रचनेत पंचायत भागीदार होती. मला त्यातलं हेच सगळ्यात शिकण्यासारखं वाटलं. पोल पंचायतीचा असेल तर सरपंच बदलला तरी ठराव राहतो.

शिवाय नेपाळात महाबीर पुन यांनी नांगी गावातून सुरू केलेलं जाळं आहेच, त्यासाठी त्यांना २००७ चा मॅगसेसे मिळाला. आणि तमिळनाडूत अरविंद नेत्र रुग्णालयाने थेनी भागातली दृष्टिकेंद्रं बर्कली विद्यापीठाच्या मदतीने लांब पल्ल्याच्या वायफायने जोडली होती, खेड्यातला रुग्ण व्हिडिओवर शहरातल्या डॉक्टरला डोळा दाखवायचा. ७ किलोमीटर ऐकून घाबरणाऱ्यांना हेही सांगा की व्हेनेझुएलात एर्मानो पिएत्रोसेमोली यांनी २००७ मध्ये ३८२ किलोमीटरची वायफाय लिंक चालवून दाखवली.

प्रश्न: वाचनालयाने लोकांना वायफाय द्यायचं तर कायद्याने काय लागतं? पैसे घेतले तर?

---

तारतंत्र | ६ जून, दुपारी ३.३०

पायवाट, पट्टा परवानामुक्त असणं आणि इंटरनेट विकायची मुभा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक इथेच घसरतात. विकायचं असेल तर डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेली पीएम-वाणी योजना पाहा. त्यात गावातलं दुकान किंवा वाचनालय सार्वजनिक डेटा कार्यालय होऊ शकतं, त्याला परवाना लागत नाही आणि नोंदणी शुल्कही नाही. वापरणाऱ्याची ओळख आणि हिशेब नोंदणीकृत एकत्रक, म्हणजे अशी अनेक कार्यालयं जोडून घेणारी संस्था, बघते. फुकट द्यायचं असलं तरी आपल्या इंटरनेट कंपनीशी केलेल्या करारात ते बसतं का ते वाचून घ्या, आणि सार्वजनिक वायफायवर वापरणाऱ्याची ओळख पटवायची अपेक्षा आहे हे विसरू नका.

नोंदी ठेवाव्या लागतील तेवढ्याच ठेवा. कुठल्या मुलीने कुठलं पान पाहिलं हे वाचनालयाला कळायची काही गरज नाही. आपण कुणाची पुस्तकांची यादी चावडीवर लावत नाही.

---

कातळकडा | १५ जून, रात्री ९.३०

रविवारी वाटे पाडले. खरं सांगायचं तर पहिल्या प्रयत्नात सड्यावरच्या रेडिओचा देखभालीचा वाटा चुकला आणि आम्ही स्वतःच बाहेर राहिलो. टाकीवर चढून जावं लागलं, पावसाला चार दिवस राहिले होते. त्यातून शिकलेलं लिहून ठेवते: दूरच्या यंत्रापासून सुरुवात करायची, आणि लुसीच्या, म्हणजे ओपनडब्ल्यूआरटीच्या ब्राउझरमधल्या सेटिंगच्या, पानावरूनच बदल लागू करायचे. बदलानंतर दीड मिनिटात तुमचा ब्राउझर पुन्हा जोडला गेला नाही तर ओपनडब्ल्यूआरटी जुनी मांडणी परत आणतं. आम्ही कमांडलाइनवरून केलं, तिथे ही सोय आपोआप होत नाही.

वायरमनकाका, तुमचं वाचून दाखवलं. दोन अर्थिंग खरोखर वेगळी होती. जांभ्याच्या खाली पन्नास फुटांवर एक मातीची घळ आहे तिथवर पट्टी नेली, वळणं गोल दिली. वाचनालयाच्या छपरावर फायबर टाकली.

आणि आम्ही एक वही केलीये, साधी दोनशे पानी. प्रत्येक यंत्राचा पत्ता, कुठली केबल कुठे जाते, शेवटची आवृत्ती कधी चढवली, बॅटरीचा व्होल्टेज, टाकीवर कोण चढलं. पासवर्ड त्यात नाहीत. ते मोहोरबंद पाकिटात ग्रामपंचायतीच्या कपाटात, आणि दुसरी प्रत माझ्याकडे. आधी ते फक्त माझ्या डोक्यात होते. मागच्या वर्षी मी आठ दिवस तापाने पडले होते तेव्हा वाडीतलं कुणीही काही करू शकलं नव्हतं.

---

साकव | १६ जून, सकाळी ८.००

ताई, माझा मुद्दा मागे घेत नाही, पण त्या दोघी मुलींबद्दल वाचून बरं वाटलं. वहीचं एक पान फोटो काढून इथे टाकता येईल का? आमच्या गावच्या नळपाणी योजनेलाही अशी वही हवी आहे. पंप कुणी दुरुस्त केला हे तिथे कुणालाच ठाऊक नसतं.

---

कातळकडा | २८ सप्टेंबर, रात्री १०.१५

पावसाळ्याचा अहवाल द्यायचा राहिला होता.

लिंक तीनदा पडली. एकदा केलडी (माकडीण) डिशवर बसली आणि तिची दिशा हलली. सिग्नल एकदम दहा डीबीने घसरला, हाकेला उत्तर यायला किती वेळ लागतो ते नोंदवणाऱ्या स्मोकपिंगच्या आलेखावर तो क्षण स्पष्ट दिसतो. डिशचे बोल्ट आता दुहेरी नटांनी आवळलेत आणि बुडाशी रंगाने खूण केलीये, म्हणजे हलली तर डोळ्याने कळेल. दुसऱ्यांदा जोडात पाणी. तो जोड मीच घाईत केला होता, स्वतःला चिकटणारी रबरी पट्टी न गुंडाळता. तिसऱ्यांदा हायस्कूलची फायबर तुटली, दीड दिवस. त्या दीड दिवसात एकही रेडिओ बंद-चालू झाला नाही आणि किविक्स सगळ्या वाडीत चालू होतं.

मुसळधार पावसाने लिंक पडेल अशी सगळ्यांना भीती होती. पडली नाही. फार जोराच्या सरीत तीन-चार डीबी जातात, तेवढी जागा आता हाताशी आहे. पोल वाढवल्यापासून ऐनाच्या पानांचाही त्रास नाही.

आवाठात, म्हणजे आमच्या वस्तीत, दोनदा वीज पडली. पंचायतीचा टीव्ही गेला, आमचं एकही यंत्र गेलं नाही.

गणपतीत चतुर्थीच्या संध्याकाळी एका वेळी ११२ फोन जोडलेले होते. सगळ्यांचं चित्रण चालू. केक लावलेलं होतं. रात्री आरतीनंतर तळवाडीच्या काकी आल्या, त्यांचा मुलगा मस्कतला असतो, त्याला व्हिडिओवर घरचा गणपती दाखवायचा होता. पाऊण तास दाखवला, पडवीत बसून, मखरापासून उंदरापर्यंत. एकदाही अडकला नाही.

साकव, वहीच्या पानाचा फोटो खाली जोडलाय. रकाने तुमच्या पंपाला जुळतील असे बदलून घ्या, आणि 'कोण चढलं' हा रकाना काढू नका.